साच्याला हात लावू नये

हॉस्पिटलच्या तळघरात नेटवर्क खातं होतं. त्या खात्याच्या प्रमुखांना सगळे तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘हेडमास्तरीण’. ताईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकोणतीस वर्षांची नोकरी, साखळीला अडकवलेला चष्मा, टेबलावर ओळीने तीन पेनं. त्यातलं लाल पेन दुसऱ्यांच्या चुकांसाठी. कुणी जिना उतरून आला आणि “नेट स्लो आहे हो” म्हणाला, की त्या मान वर न करता विचारायच्या, “स्लो म्हणजे किती?” समोरचा “खूप” म्हणाला की विषय संपला. “खूप हा आकडा नाही. मोजा आणि मग या.” अशा रीतीने त्यांनी अर्ध्या हॉस्पिटलला मोजायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने खाली यायचंच सोडून दिलं होतं.

आता गेले तीन आठवडे स्लो होतं ते ताईंचंच नेट, आणि मोजूनमापून स्लो होतं. त्यामुळे कुणावर डाफरायची सोय उरली नव्हती. अर्थात सोय नाही म्हणून डाफरणं काही थांबलं नव्हतं.

प्रकरण फायरवॉलचं होतं. फायरवॉल म्हणजे हॉस्पिटलच्या नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. आत येणारं, बाहेर जाणारं सगळं त्याच्या हाताखालून जातं. पूर्वी हा पहारेकरी एक लोखंडी पेटी होता. तिला पंखा होता, हिरवा दिवा होता, आणि ती बिघडली की लाथ मारता येत होती. पेटी म्हातारी झाली म्हणून ताईंनी दोन वर्षं वरिष्ठांशी भांडून ते काम आभासी मशीनवर आणलं. म्हणजे वेगळी पेटीच नाही. मोठ्या सर्व्हरच्या पोटात प्रोग्रॅमनेच बनलेलं एक मशीन, आणि त्या मशीनमध्ये फायरवॉल. ते मशीन ताईंनी स्वतः, आपल्या हातांनी, आपल्या साच्यावरून बनवलं. साचा म्हणजे तयार करून ठेवलेलं कोरं मशीन. नवीन काही हवं असलं की त्याची नक्कल काढायची, शून्यापासून मांडामांड करायची नाही, म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही. हा साचा ताईंचा. अकरा वर्षांपूर्वी केलेला.

फायरवॉल बदलली आणि चौथ्या दिवशी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, हॉस्पिटलच्या छोट्या इमारतीत बसत. इथे रुग्णाचा स्कॅन निघायचा, तो तारेवरून तिकडे जायचा, त्या बघून निदान कळवायच्या. पूर्वी स्कॅन मिनिटाच्या आत पोचायचा. आता दहा मिनिटं लागत होती, आणि दोन-तीन रुग्ण एकदम आले की अर्धा तास. आठवडाभर त्यांचे फोन येतच राहिले.

“ताई, चहा करून आले, पिऊन झाला, कप विसळून ठेवला. पेशंटचं पोट अजून अर्धंच आलंय.”

“तुमच्या बाजूची केबल तपासली का?”

“तीन वेळा बदलली. परवा तुम्हीच येऊन बदललीत. इथे आता केबल सोडून बदलायला मीच उरले आहे.”

मग सुरू झाली टोलवाटोलवी. लाईन पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने सांगितलं, आमच्याकडून सगळं क्लिअर दिसतंय, राऊटर एकदा बंद करून चालू करा. ताईंनी तो सोळा वेळा बंद करून चालू केला. सतराव्या वेळी त्यांनी त्या माणसाला विचारलं, “तुम्ही स्वतःला कधी बंद करून चालू करून बघितलंय का?” त्यानंतर त्यांचा फोन थेट वरच्या साहेबाकडे जोडला जाऊ लागला, आणि तो साहेबही तेच सांगू लागला. शेवटी ताईंनी लाईनची तार थेट लॅपटॉपला लावून वेग मेगाबिटमध्ये मोजला. नऊशे चाळीस. तीच तार फायरवॉलमार्गे लावली. चौसष्ट. म्हणजे लाईनवाल्याचं खरं होतं. ताईंना याचाही राग आला.

फायरवॉलच्या कंपनीची हेल्पलाईन तर पित्त खवळवणारी. तिथले लोक इतके नम्र की भांडताही येईना. “आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत” म्हणायचे आणि चौदा फाईली मागायचे. त्या पाठवल्या की ड्यूटी बदलायची आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून, “बाईसाहेब, नेमका त्रास काय होतोय?” ताई तोच पाढा सहाव्यांदा वाचत. आठवड्याने हेल्पलाईनने काखा वर केल्या. आमचं सॉफ्टवेअर ठणठणीत आहे, तुमचा सर्व्हर बघा.

सर्व्हर म्हटलं की सर्व्हरवाला आला. त्यालाही हॉस्पिटलात नावाने कुणी हाक मारत नसे. चाळिशीचा, थंड खोलीत बसायचं म्हणून बारमाही स्वेटर घातलेला, आणि एक वाक्य बोलायचं तर आधी दोनदा घसा खाकरणारा. घरी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. कंत्राटावर होता, त्यामुळे दर वर्षी ठरल्या तारखेला कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या सहीकडे डोळे. त्याच्या कामात खोट काढावी असं आजवर काही झालं नव्हतं. पण ताईंना तो सोसत नसे. तो हळू बोलायचा, आणि ताईंना हळू काहीच सोसत नसे.

ताईंनी फायरवॉलचा आलेख उघडला. स्कॅन जात असला की एक प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन धापा टाकत होता. बस्स, ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याने प्रोसेसर द्यायला हात आखडता घेतलाय!

“किती दिलेस?” त्यांनी दारातूनच विचारलं.

तो खाकरला. “आठ, ताई.”

“मग एकच का मरतोय?”

“बाकीचे रिकामे आहेत. काम एकावरच पडतंय. मला वाटतं...”

“तुला काय वाटतं ते नको. दुसऱ्या सर्व्हरवर हलवून बघ.”

त्याने फायरवॉल दुसऱ्या, जवळजवळ रिकाम्या सर्व्हरवर हलवून दाखवली. आकडा एकसष्ट. आता कुणालाही कळलं असतं की दोष सर्व्हरचा नाही. ताईंना कळलं ते असं, की याने दोन्ही सर्व्हर सारखेच बिघडवून ठेवलेत.

संध्याकाळी घरी त्या यजमानांपुढे फणफणत होत्या. यजमान ओट्यापाशी उभे राहून भेंडी चिरत होते.

“त्या माणसाचं म्हणणं काय आहे पण?” त्यांनी विचारलं.

“म्हणणं काय असणार? म्हणतो आठ प्रोसेसर दिलेत.”

“दिलेत का?”

“दिलेत.”

“मग?”

“मग काय मग! अहो, तुम्ही भेंडी चिरा.”

यजमानांनी भेंडी चिरली. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की ताईंच्या ‘मग काय मग’नंतर सुरी खाली ठेवायची नसते.

बुधवारी ताईंनी रिपोर्ट लिहिला. एकच पान. कारण : सर्व्हरची सदोष मांडणी. जबाबदार : सर्व्हर विभाग. आता सर्व्हर विभागात माणूस एकच होता, म्हणजे नाव लिहायचीही गरज नव्हती. व्यवस्थापक साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. तीन आठवडे डॉक्टर मंडळी त्यांच्या मागे हात धुऊन लागली होती. त्यांना कुणाकडे तरी बोट दाखवायचंच होतं. “छान. नूतनीकरण याच महिन्यात आहे. नाही म्हणून कळवून टाकू. शुक्रवारी पाचला पत्रावर सही करतो.”

“पण साहेब, एकदम...”

“मॅडम, रिपोर्ट तुमचा. तुम्ही मोजल्याशिवाय लिहीत नाही, हे मी वर सांगितलंय.”

हे ऐकून ताईंची मान ताठ झाली. जिना उतरताना मात्र त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. त्यांना त्या माणसाला धडा शिकवायचा होता, घरी बसवायचं नव्हतं. पण दोष त्याचा होता तर होता, त्यात आपण काय करणार, असं त्यांनी स्वतःला दोन मजल्यांत तीनदा सांगितलं.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता त्यांना वाटलं, रिपोर्टात एक आकडा कमी आहे. त्याच सर्व्हरवर दुसरं एखादं मशीन उभं करून त्याचाही वेग मोजला, आणि तोही रडतखडत आला, की सर्व्हरवाल्याचा दोष पक्का. मग कुणी चकार शब्द काढायचं कारण नाही. ताई साच्यावरून नक्कल काढायला गेल्या तर पडद्यावर संदेश, साचा वापरात आहे. आठवड्याचा बॅकअप नेमका त्या वेळी साच्यावर बसला होता आणि उठायला चार तास लागणार होते. ताईंनी कपाळाला हात लावला. एक दिवस, एक दिवस तरी या इमारतीत काही सरळ होईल का! चार तास थांबायला वेळ नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कोरं मशीन शून्यापासून मांडलं. प्रोग्रॅम विचारेल त्याला हो, पुढे, हो, पुढे, असं चडफडत दाबत गेल्या.

वेग मोजला. नऊशे अडतीस.

ताईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजला. नऊशे एक्केचाळीस. केबल काढून घातली. नऊशे चाळीस. त्याच सर्व्हरवर, त्याच प्रोसेसरवर, त्याच सदोष मांडणीत.

मग त्यांनी दोन्ही मशीनच्या याद्या शेजारी शेजारी उघडल्या आणि पेनाचं टोक टेकवत एकेक ओळ जुळवत गेल्या. मेमरी सारखी. प्रोसेसर सारखे. डिस्क सारखी. नेटवर्क कार्ड... पेन तिथेच थांबलं. आभासी मशीनला नेटला जोडणारं खरं कार्ड नसतं, सर्व्हर त्याला कार्डाचं सोंग आणून दाखवतो. नव्या मशीनला सर्व्हरने आजच्या पद्धतीचं हलकंफुलकं कार्ड दिलं होतं. फायरवॉलला मात्र तो ज्या कार्डाचं सोंग दाखवत होता, ते बाजारातून जाऊन वीस वर्षं झाली होती. स्कॅनचा एकेक तुकडा त्या म्हाताऱ्या कार्डासारखा वागवता वागवता एक प्रोसेसर घामाघूम होत होता आणि उरलेले सात बसून होते.

ते कार्ड तिथे कुठून आलं हे ताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्या वेळच्या जुन्या प्रोग्रॅमना नवं कार्ड ओळखता येत नव्हतं, म्हणून ताईंनीच ते साच्यात घातलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं. आजवर साच्यावरून निघालेली मशीनं छपाई, हजेरी, वाचनालय असली किरकोळ कामं करत होती, तिथे कुणाला फरक पडला नव्हता. सगळ्या हॉस्पिटलचा भार पेलायची वेळ आली ती पहिल्यांदा फायरवॉलवर.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

त्यांनी दहा मिनिटं नेट बंद राहील असा निरोप सगळीकडे पाठवला, जुनं कार्ड काढलं, नवं घातलं, नेटवर्कचे पत्ते पुन्हा भरले. फायरवॉल सुरू झाली. नऊशे छत्तीस. चार वाजायच्या आत डॉक्टरीणबाईंचा फोन.

“ताई! पाणी प्यायला उठले तर बसायच्या आत स्कॅन आलेला! काय केलंत काय?”

“एक सेटिंग होतं,” ताई म्हणाल्या.

लगेच दुसरा फोन, व्यवस्थापक साहेबांचा. ते खुशीत होते. “आलं म्हणे सुरळीत! बघा, त्याला पत्राची कुणकुण लागली असणार. घाबरून नीट केलं बरोबर. ते काही नाही, पत्र टाइप होऊन आलंय. पाचला सही.”

ताईंनी काय म्हणावं? त्या “हं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. कुणालाही काहीही कळलेलं नव्हतं. जुन्या कार्डाचा मागमूस त्यांनी स्वतःच पुसला होता. रिपोर्टावर त्यांची सही होती, आणि आता वेगही आला होता. गप्प बसायला काहीसुद्धा करावं लागणार नव्हतं. त्यांनी खुर्चीत दहा मिनिटं काढली, आणि त्या दहा मिनिटांत त्यांना स्वतःचा जितका राग आला तितका लाईनवाला, हेल्पलाईन आणि राऊटर मिळून तीन आठवड्यांत आला नव्हता. मग त्या उठून थंड खोलीत गेल्या.

सर्व्हरवाला उकिडवा बसून तारांना चिठ्ठ्या लावत होता.

“कार्ड जुनं होतं,” ताई म्हणाल्या. “साच्यातलं.”

“हो.”

“हो? हो म्हणजे काय?”

तो खाकरला. “मला दिसलं होतं, ताई. पहिल्याच आठवड्यात.”

एवढं होऊनही ताईंचा आवाज चढलाच. “मग मूग गिळून का बसलास? तीन आठवडे माझा जीव चाललाय इथे!”

“वहीत लिहिलं होतं.”

खात्यात बदलांची एक वही होती. नेटवर्कमधला साधा खिळाही हलवायचा तर आधी वहीत लिहायचं, ताई वाचणार, खाली मंजूर किंवा नामंजूर लिहिणार. पद्धत ताईंचीच. आठवड्याला तीस-चाळीस नोंदी यायच्या आणि त्या शनिवारी एका बैठकीत निकालात काढायच्या. ताईंनी वही आणून पानं मागे उलटली. त्याचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर : ‘फायरवॉलचं नेटवर्क कार्ड जुन्या प्रकारचं दिसतं. बदलून पाहावं का?’ त्याखाली लाल शाईत, ठसठशीत : ‘नामंजूर. साच्याला हात लावू नये.’ आणि सही.

ताईंना ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

पाचला पाच कमी असताना त्या वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कार्डापासून वहीपर्यंत. साहेबांचा चेहरा पडत पडत गेला.

“अहो मॅडम, चालू झालंय ना आता? मग उकरून कशाला काढताय? मी वर सांगून बसलोय.”

“तुम्ही वर जे सांगितलंत ते मी तुम्हाला सांगितलं होतं. ते चूक होतं.”

“आता कुणाची चूक लिहू मी?”

“माझी.”

“शेरा बसेल. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची. इतक्या वर्षांत एक डाग नाही.”

“साहेब,” ताईंचा संयम सुटला, “तुम्हाला लिहिता येत नसेल तर पेन इकडे द्या, मी लिहिते!”

साहेबांनी पेन दिलं नाही. वही ओढून घेतली, लाल ओळ वाचली, एकदा ताईंकडे पाहिलं आणि हताशपणे ते पत्र फाडलं. मग नूतनीकरणाचा कागद शोधायला त्यांनी तीन खण उपसले, आणि सही करताना पुटपुटत होते की या हॉस्पिटलात लोकांना धड निरपराधही राहता येत नाही.

पावणेसहाला ताई सही झालेला कागद घेऊन तळघरात आल्या. सर्व्हरवाला निघायच्या तयारीत होता. त्याने कागद वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. आज आपल्याला घरी बसवणार होते, हे त्याला ताई वही घेऊन वर धावल्या तेव्हाच कळलं असावं. तो आभार मानेल असं ताईंना वाटलं नव्हतं, पण काहीतरी बोलेल म्हणून त्या उभ्या राहिल्या.

“माझं चुकलं,” त्याच शेवटी म्हणाल्या. “मी तुझं ऐकायला हवं होतं.”

त्याने दोनदा घसा खाकरला. “ताई, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही दुपारी मशीन मांडलंत तेव्हा साचा अडकलेला होता. मोकळा असता तर?”

ताईंनी हिशेब केला. त्यांना तो करायला क्षणही लागला नाही. साचा मोकळा असता तर त्यांनी त्याचीच नक्कल काढली असती. त्या नकलेतही तेच म्हातारं कार्ड आलं असतं. आकडा साठ-बासष्ट आला असता आणि त्यांनी तो पुरावा म्हणून रिपोर्टाला जोडला असता.

“तर मी तो आकडा घेऊन वर गेले असते,” त्या म्हणाल्या, “आणि तू आज गेला असतास.”

“मलाही तसंच वाटलं,” तो म्हणाला. त्याने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, डब्याची पिशवी घेतली आणि सहाची बस गाठायला जिना चढून गेला.